कम्युनियनची डबी

चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, संपली की आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेऊन द्यायचं काम मास्तरीणबाईंकडे होतं. पवित्र भाकरीची, म्हणजे साक्षात प्रभूच्या शरीराची, डबी छातीशी धरायची, वाटेत थांबायचं नाही, बोलायचं नाही; हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. आज जिन्यात शेजारीण पाय मुरगळून पडली होती. नळावरून भांडल्यापासून दोघींचा छत्तीसचा आकडा. "अहो, हात तरी द्या!" बाईंनी डबी दाखवली, पदर सावरला आणि तिला ओलांडून वर गेल्या. नियमावर बोट ठेवता आलं, याचं मनातून बरंच वाटलं. वर अंथरुणाला खिळलेली शेजारणीची सासू कान टवकारूनच होती. "सून पडली ना? उचललंस तिला?" "कशी उचलणार, आजी? हातात प्रभू होता." बाईंनी डबी उघडली. म्हातारीने तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळवलं. "बंद कर ती डबी. तो केव्हाच उतरला. जिन्यात बसलाय, माझ्या सुनेपाशी."