बाळंतिणीचं सोंग

"मालनताई, अजून जोरात विव्हळा. साहेब बघतायत," डॉक्टर कुजबुजले.

रुग्णवाहिका सेवेची तपासणी करायला समिती आली होती, म्हणून तालुक्यातल्या सगळ्या गाड्या धुऊनपुसून दवाखान्याच्या मैदानात उभ्या होत्या. आशा कार्यकर्त्या मालनताई पोटावर साडीचं गाठोडं बांधून, अडलेल्या बाळंतिणीचं सोंग घेऊन स्ट्रेचरवर पडल्या होत्या.

तेवढ्यात कमरेचा मोबाईल थरथरला. सुनेचा फोन. तिला सातवा लागला होता आणि घरात ती एकटीच होती.

"आई, रक्त थांबत नाहीये हो... रुग्णवाहिका बोलावली, तर म्हणतात एकही गाडी मोकळी नाही."

मालनताईंच्या तोंडून किंकाळी फुटली.

"वा! अगदी खरं वाटतंय," म्हणत साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मालनताईंनी स्ट्रेचरजवळ उभ्या असलेल्या ड्रायव्हरचा दंड गच्च धरला. "तान्हाजीभाऊ, माझी सून... खरंच, घरी चला!" त्यांचा पांढराफटक चेहरा बघून त्याने स्ट्रेचर गाडीत ढकललं. दार आपटलं, भोंगा सुरू झाला, गाडी फाटकाबाहेर पडली.

मालनताईंनी मोबाईल खिडकीबाहेर धरला, मग कानाशी नेला.

"भोंगा ऐकू येतोय ना गं? गाडी निघालीय. हो म्हण, बाई, नुसतं हो म्हण!"

फोन चालू होता. पलीकडून आवाज येत नव्हता.