राखेची वीट

राखेच्या विटांचं घर बांधायचं, हे मथुराबाईंच्या काही केल्या गळी उतरेना. “अगं, राख उंबऱ्याबाहेर टाकायची असते,” त्या इंजिनियर लेकीला म्हणाल्या. “आई, या विटांना भट्टी लागत नाही, शेतांची मातीही वाचते,” शलाका म्हणाली. करजणच्या वीटवाल्याने नमुन्याची वीट खांद्याच्या उंचीवरून आपटली, फुटली नाही. तरी अपशकुन नको म्हणून मथुराबाईंनी तिला कुंकवाचं ओलं बोट लावलं. वीटवाला ती परत घेऊन गेला. महिन्याने सुभानपुऱ्यात त्यांच्या प्लॉटवर विटांचा ट्रक आला. “यातली एक आपटून दाखवा,” मथुराबाई म्हणाल्या. वीटवाल्याने ट्रकमध्ये हात घातला, वीट काढली, आपटली. “जुओ बा, तूटी?” फुटली का बघा, असं त्याने गुजरातीत विचारलं. खरंच फुटली नव्हती. शलाकाचा जीव भांड्यात पडला. मथुराबाईंनी मात्र वीट उलटी करून पदराने पुसली. लाल ठिपका गेला नाही. “हिला मी ओळखते, भाई. आता हिची बहीण आपटा.”