चौदा वर्षांपूर्वीचं तेल

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाळा मिस्त्रीने गाडीच्या तोंडात हँडल घातलं आणि जोर लावला. इंजिन हललं नाही.

बेलवलीतली ती इमारत सोमवारपासून पाडायला घेणार होते. आवारातल्या बंद गाड्या उचलायला भंगारवाल्याची क्रेन बारा वाजता येणार होती. बंद गाडी एकच उरली होती; इंजिन फिरलं, तर ती भंगारातून वाचणार होती. सव्वीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवून बबनराव निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी आपली काळी-पिवळी घरी आणून क्रीम रंगवली होती. दारावरच्या ओरखड्यांतून पिवळा रंग अजून दिसत होता.

"अजून एकदा लाव," त्यांचा मुलगा महेंद्र म्हणाला.

"भाऊ, हँडल तुटलं ना, तर कॅम्प तीनमधले गॅरेजवाले आठवडाभर माझीच खेचतील."

"मग मी लावतो."

"भावना," भिंतीच्या सावलीतून बबनरावांचा आवाज आला. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. "तुझ्या नवऱ्याला सांग, हात लावू नको म्हणावं. त्यानं हात लावला की काय होतं, ते बघून झालंय."

सुनेने निरोप पोचवला नाही. पोचवायची गरज नव्हती. बबनराव मुलाशी चौदा वर्षं थेट बोलले नव्हते.

सप्टेंबर २०११. महेंद्रने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने गाडीचं तेल बदललं आणि संध्याकाळी अंबरनाथपर्यंत एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला आईच्या, चांगुणाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. तिला मागच्या सीटवर बसवलं. महेंद्रने स्टार्टर मारला. टक असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. हँडलही फिरेना. बबनरावांनी वाकून गाडीखाली पाहिलं. फरशीवर तेलाचा डाग होता.

"नट ढिला ठेवून पळवलीस," ते म्हणाले. "तेल गेलं. इंजिन जाम केलंस."

रिक्षा मिळेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी बबनरावांनी गाडीची बॅटरी काढली, बॉनेटला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली. ती किल्ली त्यांनी या बुधवारी सोडली, तीही मिस्त्रीच्या हातात. जाम झालेले पिस्टन सुटावेत म्हणून बाळाने प्लग काढून इंजिनात डिझेल भरलं आणि चार दिवस मुरू दिलं.

महेंद्रला गाडी चालू झाली काय, न झाली काय, सारखंच होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. त्या सकाळी इंजिनात तेल होतं की नव्हतं? क्रेन गाडी घेऊन गेली की ते कधीच कळणार नव्हतं. चार दिवस बाळाला विचारायचं त्याच्या ओठांवर होतं. धीर झाला नव्हता.

साडेअकराला बाळा पाना घेऊन बाजूने आत वाकला.

"आता काय काढतोयस?"

"स्टार्टर. पिस्टन आतापर्यंत सुटायला पाहिजे होते. लफडं दुसरीकडेच आहे."

दोन बोल्ट निघाले. स्टार्टर निघेना. बाळाने त्यावर हातोडीने दोनदा ठोकलं, हिसका दिला आणि तो बाहेर ओढून जमिनीवर ठेवला. मग त्याने पुन्हा हँडल धरलं.

इंजिन फिरलं. प्लगच्या भोकांतून काळं डिझेल उसळलं आणि बाळाच्या शर्टावर उडालं.

"आयला! नवीन शर्ट होता."

खुर्चीतले बबनराव अर्धवट उठले.

महेंद्र बाळाच्या जवळ गेला. त्याने आवाज हळू केला. "तेल नव्हतं ना आत?"

"कोण बोललं? बुधवारीच, डिझेल भरायच्या आधी, तेलाची पट्टी काढून बघितली. खुणेपर्यंत फुल. खालचा नटपण एकदम टाइट."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? जाम आहे बोलले, म्हणून मी डिझेल भरून बसलो."

महेंद्रने मडगार्डवर हात टेकला. डाग आदल्या दिवशी तेल बदलताना सांडलेल्या तेलाचा होता. हे त्याने तेव्हाही सांगितलं होतं. दोनदा. नंतर त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास उरला नव्हता.

"मग झालं काय होतं?"

बाळाने स्टार्टर उचलून दाखवला. पुढचं छोटं दातेरी चाक बाहेर येऊन तिथेच थांबलं होतं. "हा बघा कलाकार. दात झिजलेत. इंजिनाच्या मोठ्या चाकात जाऊन अडकला, तो अडकलाच. म्हणून हँडलपण फिरत नव्हतं. इंजिन जाम नव्हतंच भाऊ."

"तेव्हा काय करायला हवं होतं?"

"काही नाही. तिसऱ्या गिअरला टाकायची, पुढे-मागे दोन धक्के द्यायचे. सुटतो. दोन मिनिटं लागतात. ह्याला मेकॅनिक कशाला पाहिजे? कुठलापण जुना टॅक्सीवाला झोपेत सांगेल."

स्टार्टर जमिनीवर ठेवून बाळा हात पुसायला चिंधी शोधू लागला.

बबनरावांना हल्ली कमी ऐकू यायचं; इंजिन फिरलेलं तेवढं त्यांना दिसलं होतं. ते काठी न घेताच निघाले होते. भावना मागून "बाबा, हळू" म्हणत होती. ते बॉनेटपाशी येऊन थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही.

"महेंद्र," ते म्हणाले, "तेल होतं का?"

अकरा बावन्नला क्रेन फाटकातून आत आली. बबनराव उत्तरासाठी उभे आहेत. महेंद्रने स्टार्टर, त्यांना दिसायच्या आत, पायाने गाडीखाली सरकवला आहे.