येंडरचा चाहता

आयोवातल्या त्या गावात छोट्या बेसबॉल संघाचे खेळाडू उन्हाळाभर गावकऱ्यांच्याच घरी राहत. म्हाताऱ्या मर्लकडे यंदा येंडर होता, डोमिनिकन, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. जुलैतल्या एका सकाळी पॅनकेक खाता खाता त्यानं आपला फोन पुढे सरकवला.

“पापा मर्ल, वाचून दाखवा ना. माझं इंग्रजी कच्चं. हा ‘म्हातारा गरुड’ नावाचा कुणीतरी संघाच्या पेजवर रोज माझ्यावर लिहितो.”

मर्लनं चष्मा पुसला, मग परत पुसला. “तिसऱ्या डावानंतर तुझा खांदा खाली येतो, म्हणतोय.”

“खरंय की! आणि पुढे?”

पुढे होतं, ‘या ठोंब्याला पहिल्या विमानात बसवून घरी पाठवा.’

“पुढे काही नाही. खा तू, गार होतंय.”

“केवढं लक्ष आहे त्याचं! माझ्या घरच्यांनी अजून इथला एक सामना पाहिला नाही, आणि हा एकही चुकवत नाही. माझ्या नावानं त्याला थँक्यू लिहा ना, पापा.”

मर्लनं येंडरच्या फोनवर लिहिलं आणि पाठवलं.

लगेच मर्लच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला.

“बघा की,” येंडर हसून म्हणाला, “तुम्हालाही कुणाचं तरी काही आलंय.”