सोमवारचं मौन

नीनाला मारायला तिघी मेकअपवाल्या लागल्या. एकीनं तिच्या ओठांवर निळसर रंग फिरवला. दुसरीनं गालांवरची लाली पुसून राखाडी पावडर थापली. तिसरीनं अगदी हलक्या बोटानं कपाळावरचं कुंकू काढलं.

ते कुंकू सकाळी रत्नाबाईंनीच लावलं होतं. कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर बसून त्या बघत राहिल्या. लेकीच्या चेहऱ्यावर कोणी भस्म उधळावं तसं दिसत होतं, आणि तरी ती सुंदर दिसत होती. नेहमीपेक्षा जास्तच.

लॉस एंजेलिसमधला तो स्टुडिओ म्हणजे भलंमोठं गोदाम. आत हॉस्पिटलची एकच खोली उभी केलेली, तीन भिंतींची. चौथ्या भिंतीच्या जागी काळोख, आणि काळोखात माणसं. वरून दिवे असे सोडले होते, की भर सकाळी आत चांदणं पडलं होतं.

“तुझी आई ठीक आहे ना?” डेनीस नावाच्या असिस्टंटनं विचारलं. “आल्यापासून एक शब्द नाही.”

“आज ती बोलत नाही,” पलंगावर चढताना नीना म्हणाली.

“भांडलात?”

“नो. मंडे आहे.”

२००५च्या श्रावणातला सोमवार. संध्याकाळी शंकरापुढे दिवा लागेपर्यंत रत्नाबाई बोलत नसत. फ्रीमाँटला आपल्या घरी असोत की लेकीकडे, हा नेम कधी मोडला नव्हता.

आजवर नीना नुसती हसत आली होती. भारतात फोन करायच्या कार्डांच्या पोस्टरवर कानाला रिसीव्हर लावून हसणारी मुलगी तीच. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून फ्रीमाँटपर्यंत देशी वाण्यांच्या दुकानांत, लोणच्याच्या बरण्यांच्या वर ती टांगलेली असे. हॉटेलांच्या हॉलमध्ये नवरीचे शालू नेसून चालून झालं होतं. टीव्हीवरचं हे पहिलंच काम.

“आई, आज मी नीट मेले ना,” गाडीत ती म्हणाली होती, “तर पुढच्या एपिसोडला फ्लॅशबॅकमध्ये मला जिवंत करतील. विथ डायलॉग्ज! नाही जमलं, तर तोंडावर चादर ओढतील. मग खाली मी होते की आणखी कोण, हू केअर्स?”

पण पलंग पाहिला आणि रत्नाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. ऊन कुठून येतंय ते त्यांनी आत शिरतानाच पाहून ठेवलं होतं. नीनाचं डोकं उत्तरेला होतं. जिवंत माणसाला असं निजवत नाहीत. शब्द ओठांपर्यंत आला, तो त्यांनी गिळला. हातानंच खूण केली, पलंग फिरवा. डेनीसला वाटलं, यांना पाणी हवंय. ती धावत जाऊन बाटली घेऊन आली.

“ॲक्शन.”

नीनाच्या पापण्या थरथरल्या.

“कट. हनी, मेलेली माणसं इतकं टेन्शन घेत नाहीत,” दिग्दर्शक म्हणाला. सगळे हसले. नीनाही हसली, पोस्टरवरच्यासारखी.

पुन्हा पापण्या. मग पुन्हा. दिग्दर्शकानं मान वळवली आणि हळूच सांगितलं, “ती चादर जवळ आणून ठेवा.”

नीनानं निळे ओठ घट्ट मिटले. तिची नजर काळोखात आईला शोधत होती.

रत्नाबाई उठल्या. जमिनीवरच्या वायरींवरून साडी सावरत त्या चांदण्यात आल्या. कुणी अडवलं नाही. पलंगाशी पोचल्यावर क्षणभर वाटलं, उचलावी आणि सरळ घरी न्यावी. मग त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि थोपटायला लागल्या. लहानपणी तापात तळमळणाऱ्या नीनाला थोपटायच्या, तसंच. ओठ हलत नव्हते. आत जप चालला होता.

पापण्या जड झाल्या. श्वास इतका खोल गेला, की अंगावरचा गाऊन हलेना. उत्तरेला डोकं असलेल्या लेकीला रत्नाबाईंनी आपल्याच हातानं निजवलं, आणि पावलं न वाजवता त्या मागे सरल्या.

या वेळी दिग्दर्शक ‘ॲक्शन’ कुजबुजला. कॅमेरा रुळावरून होडीसारखा तरंगत आला, नीनाच्या चेहऱ्याशी थांबला आणि थांबूनच राहिला. समोरच्या छोट्या पडद्यावर ती रत्नाबाईंना दिसली. शांत, लांबची, कुणाचीच नसलेली.

“कट. ब्यूटिफुल.” दिग्दर्शक डेनीसकडे वळला. “फ्लॅशबॅकचे डायलॉग आजच दे तिला.”

टाळ्या झाल्या. माणसं हलली, एकेक दिवा मालवू लागला. नीना हलली नाही.

“शी इज गुड,” कुणीतरी हसलं.

नीना तरीही हलली नाही.

“नीना! ए नीने, ऊठ! ऊठ गं बाई, ऊठ!”

रत्नाबाईंचा आवाज गोदामभर घुमला. माणसं जागच्या जागी थांबली. या बाईला असा आवाज असेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

निळ्या ओठांवर एक जांभई आली. नीनानं डोळे उघडले. “सॉरी, झोपच लागली. झालं का गं?”

“झालं. तुझं काम झालं.”

ती पुन्हा डोळे मिटणार, तोच दचकून उठून बसली. “आई! तू बोललीस! आज सोमवार ना?”

रत्नाबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. त्या राखाडी कपाळावर बोट टेकवलं.

“तू आधी खाली उतर,” त्या म्हणाल्या. “देवाकडे सोमवार पुष्कळ आहेत.”