निळी सवत

"हे नव्हे!" कार्तोमोंनी डाव्या हातानं वाटी लोटली. पेज चादरीवर सांडली.

समोरच्या भिंतीवर नवं चित्र होतं. त्यांच्या लेकीनं, रेत्नोनं, दोनच दिवसांपूर्वी आणलेलं.

झटका येऊन उजवं अंग गेलं, मान आखडली, तेव्हापासून कार्तोमो पुढच्या खोलीत पडून होते. विरंगुळा म्हणून रेत्नोनं पहिलं चित्र घेतलं, कुणा चित्रकाराच्या अमूर्त चित्राची प्रत, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली. सेमारांगच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, पत्र्याला नाही. गर्द निळा, चकचकीत रंग आणि एक केशरी फराटा. एवढंच. पण म्हाताऱ्याची नजर त्यावरून हलेना. त्यावर बोट उमटलं तरी कासावीस व्हायचे. "पूस, पूस." रेत्नो मऊ फडक्यानं पुसायची, तेव्हा कुठे निवायचे.

त्यांची बायको विनार्नी मागच्या स्वयंपाकघरात धुमसायची. "माझ्या हातावर तेल उडालं तर विचारणार नाहीत, आणि त्या पत्र्याला एवढं जपायचं! सवतच आणून ठेवलीस माझ्या घरात."

"इबू, अगं चित्र आहे ते! बापाकना आवडतं," रेत्नो आईला समजवायची.

"मग दुसरं आण. तेही आवडेल."

शेवटी रेत्नोनं फिकट रंगांचं, अजिबात न चकाकणारं चित्र आणलं. डोळ्यांना त्रास नाही, असं दुकानदार म्हणाला होता. ते भिंतीवर लागलं आणि कार्तोमोंचं खाणं तुटलं, झोप उडाली. डोळे भिंतभर फिरायचे, काहीतरी शोधत असल्यासारखे.

सांडलेली पेज पुसता पुसता विनार्नी हरली. "टांग बाई तुझं ते निळं. उपाशी मरतील नाहीतर."

रेत्नोनं कपाटामागून जुनं चित्र काढलं, पुसून टांगलं आणि पुन्हा पेज करायला आत गेली. विनार्नीनं नवऱ्याला उठवून बसवलं. ते सारखे घसरत होते, म्हणून ती स्वतःच पलंगावर त्यांच्या मागे बसली आणि त्यांना छातीशी टेकवून धरलं.

कार्तोमो चित्राकडे बघत राहिले. मग पुन्हा चुळबुळले.

"तू... कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या पाठीशीच आहे की!"

त्यांनी चित्राकडे बोट केलं. विनार्नीनं मान वर केली. पुढच्या खोलीत अंधारलं होतं; निळ्या चकाकीत मागच्या उघड्या दारातून स्वयंपाकघर उमटलं होतं. शेगडी, फळीवरची भांडी, आणि ती स्वतः दिवसभर जिथे उभी असायची तिथे रेत्नो, पेज ढवळत.

कार्तोमोंचं डोकं तिच्या खांद्यावर जड झालं होतं.

"रेत्नो," तिनं हाक मारली, "उद्या शेगडीपाशी मोठा दिवा लाव गं. माझ्या तोंडावर उजेड पडेल असा."