धूसर झालं की थांबा म्हण

गालांना टेकवलेल्या पट्टीवरून बारीक अक्षरांचं कार्ड मृण्मयीच्या डोळ्यांकडे सरकू लागलं. "धूसर झालं की थांबा म्हण," नजर तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"थांबा!" ती लगेच ओरडली.

"बघा! फळा खडाखडा वाचते, पुस्तक धरलं की डोकं दुखतं. नुसती नाटकं!" आई फणकारली.

मॅडमनी पट्टीवरचं अंतर वीस सेंटिमीटर लिहून घेतलं आणि मृण्मयीच्या डोळ्यांवर फ्रेम चढवून काचा घातल्या. "आता दिसतं?"

दिसावं असं मृण्मयीला फार वाटत होतं. पण अक्षरं तशीच पुसट होती. "नाही," ती कशीबशी म्हणाली. आईने कपाळाला हात लावला.

मॅडमनी काचा बदलल्या. अक्षरं एकदम ठसठशीत झाली आणि मृण्मयी भराभर वाचत सुटली.

"आधीच्या काचा बिननंबरच्या होत्या. नाटक करणारी तिथेच 'दिसतं' म्हणून फसली असती," मॅडम आईला म्हणाल्या. "तेराव्या वर्षी कार्ड आठ सेंटिमीटरपर्यंत जवळ आणलं तरी स्पष्ट दिसायला हवं. हिच्या डोळ्यांना जवळचं झेपतच नाही."

आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "बास गं, थांब आता."

मृण्मयी कसली थांबते! कार्ड उलटून तिने छापखान्याचा पत्तासुद्धा मोठ्याने वाचून दाखवला.